भिंतीपलीकडची शाळा : घोडबंदर रस्त्यावरील एका जोडवाटेचे प्रकरण

ठाण्याच्या घोडबंदर रस्त्यावर वाघबीळ आणि कासारवडवली यांच्या दरम्यान, रस्त्याच्या खाडीकडील बाजूस, दोन मोठी गृहसंकुले एकमेकांना लागून उभी आहेत. त्यांच्यामध्ये साधारण सात फूट उंचीची कंपाउंडची भिंत आहे. दुसऱ्या संकुलाच्या मागच्या कोपऱ्यावर शाळा आहे आणि पहिल्या संकुलाच्या शेवटच्या इमारतीतून ती इतकी जवळ आहे, की सकाळची प्रार्थना तिथल्या स्वयंपाकघरांत स्पष्ट ऐकू येते. सरळ रेषेत हे अंतर सुमारे १८० मीटर आहे. तरीही २०२२ च्या डिसेंबरपर्यंत त्या इमारतीतल्या मुलाला शाळेत जाण्यासाठी आधी आपल्या संकुलाच्या मुख्य गेटपर्यंत ४५० मीटर, तेथून सेवा रस्त्याने ३५० मीटर आणि मग दुसऱ्या संकुलाच्या गेटातून आत ५०० मीटर, असे एकूण १,३०० मीटर चालावे लागत होते. मी त्याच पहिल्या संकुलात राहतो. ही अंतरे मी स्वतः चालून मोजली आहेत आणि भिंतीत दार व्हावे म्हणून झालेल्या प्रयत्नात माझाही सहभाग होता. संकुलांची नावे मी दिलेली नाहीत, कारण घोडबंदर पट्ट्यात अशी भिंत कोणत्याही दोन शेजाऱ्यांमध्ये सापडेल.

१,३०० मीटर चालणे हे मोठ्या माणसाला फारसे वाटणार नाही. परंतु त्यातले मधले ३५० मीटर ज्या रस्त्याच्या कडेने चालायचे, तो रस्ता न्हावा शेवा बंदरातून गुजरातकडे जाणाऱ्या कंटेनरांचाही रस्ता आहे. त्यामुळे पहिलीतल्या मुलाला कोणी एकटे पाठवत नसे. बहुतेक घरांतून आई किंवा वडील दुचाकीवर मुलाला सोडत आणि काही घरांनी रिक्षा ठरवलेली होती. सेवा रस्ता एकेरी असल्याने जाताना सोपे होते, परंतु परतताना पुढच्या उड्डाणपुलाखालून वळसा घेऊन, मुख्य रस्त्याच्या पलीकडून मागे येऊन, पुन्हा वळून आपल्या गेटाशी यावे लागे. म्हणजे ज्या प्रवासाला राज्याच्या मुख्य मालवाहतूक मार्गावर येण्याचे काहीही कारण नव्हते, तो प्रवास रोज दोनदा त्या मार्गावर येत होता. घोडबंदरच्या कोंडीविषयी बोलताना आपण अवजड वाहनांविषयी बोलतो, खड्ड्यांविषयी बोलतो, गायमुखच्या घाटाविषयी बोलतो, आणि ते सारे खरेच आहे. पण त्या कोंडीत आपलाही एक वाटा आहे, जो दूध, शाळा, दवाखाना आणि शिकवणी यांसाठीच्या अर्ध्या किलोमीटरच्या फेऱ्यांचा आहे. तो वाटा आपल्या हौसेपायी नव्हे, तर दुसरी वाटच नसल्यामुळे निर्माण झालेला आहे.

वाट का नाही

घोडबंदरचा पट्टा मुळात चिंचोळा आहे. पश्चिमेला येऊरचे डोंगर आणि संजय गांधी राष्ट्रीय उद्यान, पूर्वेला उल्हास नदीची खाडी, आणि मधून माजिवडा-कापूरबावडीपासून गायमुखकडे जाणारा हा एकच सलग रस्ता. त्याच्या दोन्ही अंगांना बाळकुम, ढोकाळी, कोलशेत, मानपाडा, वाघबीळ, कावेसर, ओवळे, भाईंदरपाडा अशी गावे आणि पाडे होते. भातशेतीच्या बांधांवरून, ओढ्यांच्या कडेने आणि खाडीच्या दिशेने जाणाऱ्या पायवाटांनी ही वस्ती एकमेकांशी जोडलेली होती. भूमी अभिलेखाच्या जुन्या गाव नकाशांत गाडीमार्ग दुबार तुटक रेषेने आणि पायमार्ग एकेरी तुटक रेषेने दाखवतात. पायमार्गाची रुंदी सव्वाआठ फूट धरली जाते. आमच्या भिंतीच्या दोन्ही बाजूंच्या जमिनी ज्या गावच्या, तिथले वयस्कर लोक सांगतात, की खाडीवर मासेमारीला आणि पलीकडच्या पाड्यावर जायला याच अंगाने वाट होती. ती नकाशात होती की केवळ लोकांच्या पायाखाली होती, हे येथे महत्त्वाचे नाही. शेतजमीन बिनशेती झाली, तिचा अभिन्यास, म्हणजे इमारती आणि रस्त्यांच्या आखणीचा नकाशा, मंजूर झाला आणि त्या अभिन्यासात वाट दाखवलेली नव्हती. त्यामुळे शेतातून शतकभर चाललेली वाट एका पावसाळ्याच्या आत नाहीशी झाली, आणि ती कुठे होती हे सांगणारी माणसे आता हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी उरली आहेत.

ठाणे महानगरपालिका १ ऑक्टोबर १९८२ रोजी अस्तित्वात आली आणि शहराचा विकास आराखडा शासनाने १९९९ मध्ये मंजूर केला. २००१ च्या जनगणनेत साडेबारा लाखांच्या आसपास असलेली लोकसंख्या २०११ पर्यंत अठरा लाखांच्या पुढे गेली आणि त्या वाढीचा मोठा भाग याच पट्ट्याने सामावून घेतला. आराखड्यात मुख्य रस्त्याला समांतर आणि काटकोनात जाणारे रस्ते होते. आम्ही त्यांना सरसकट ‘डीपी रस्ते’, म्हणजे विकास आराखड्यातले (डेव्हलपमेंट प्लॅन) रस्ते, म्हणतो. परंतु आराखड्यातला रस्ता कागदावर अखंड असतो आणि जमिनीवर तुकड्यांनी येतो. ज्या विकासकाचे बांधकाम सुरू होते, तो आपल्या जमिनीतला रस्त्याचा भाग चटईक्षेत्राच्या (जादा बांधकामाच्या हक्काच्या) किंवा टीडीआरच्या (दुसरीकडे वापरता येणाऱ्या बांधकाम हक्काच्या) मोबदल्यात पालिकेच्या ताब्यात देतो आणि कधीकधी तेवढा बांधूनही देतो. त्याच्या शेजारची जमीन वाटपाच्या दाव्यात अडकलेली असेल, तिच्यावर जुनी चाळ असेल, किंवा मालकाला अजून विकायचीच नसेल, तर रस्ता तिथे थांबतो. आमच्या मागचा डीपी रस्ता असाच आहे. अठरा मीटर रुंदीचा, झाडे लावलेला, दिवे असलेला आणि पत्र्याच्या कुंपणाला जाऊन संपणारा. संध्याकाळी मुले तिथे क्रिकेट खेळतात, आणि त्यांच्यासाठी मला त्याचा आनंदच आहे. मात्र रस्ता म्हणून त्याचा उपयोग कुंपण हटेपर्यंत शून्य आहे.

दुसरे कारण भूखंडांच्या आकारात आहे. या पट्ट्यात, विशेषतः कोलशेत, बाळकुम आणि मानपाड्याकडे, कारखान्यांच्या मोठ्या जमिनी होत्या, आणि शेतजमिनीही विकासकांनी एकत्र करून घेतल्या. दहा-पंधरा एकरांचे संकुल एकाच अभिन्यासात मंजूर झाले, की त्याच्या आतले सगळे रस्ते अंतर्गत ठरतात. त्यावरून पालिकेची गाडी कचरा उचलायला येते आणि अग्निशमन दलाची गाडी येऊ शकते, परंतु तो सार्वजनिक रस्ता नसतो. एकच गेट, चोवीस तास पहारा आणि बाहेरच्यांना मज्जाव, ही त्या घरांच्या जाहिरातीतली पहिली ओळ असते आणि घर घेणारा त्याच भरवशावर पैसे मोजतो. पुढे जमिनीचे अभिहस्तांतरण झाले, म्हणजे विकासकाने जमीन सोसायटीच्या नावे करून दिली, की भिंत सोसायटीच्या मालकीची होते. विकासकाने ते करून न दिल्यास त्याच्याशिवायही ते करून घेण्याची, म्हणजे मानीव अभिहस्तांतरणाची, तरतूद मोफा या सदनिका मालकीच्या कायद्यात २००८ पासून आहे आणि ती रहिवाशांच्या दृष्टीने अत्यंत आवश्यक होती. पण तिचा एक परिणाम असा, की पूर्वी ज्या वाटेसाठी एका विकासकाला तयार करावे लागले असते, तिथे आता शेकडो सभासदांची सर्वसाधारण सभा लागते.

जुन्या ठाण्याशी तुलना केली तर फरक लगेच ध्यानात येतो. नौपाड्यात घंटाळीहून स्टेशनला जायचे असेल तर गोखले रस्ता आहे, राम मारुती रस्ता आहे, आणि त्यांना जोडणाऱ्या आडव्या गल्ल्या आहेत. एका गल्लीत खोदकाम चालू असेल तर माणूस विचारही न करता शेजारच्या गल्लीत वळतो. नौपाड्यातल्या कित्येक इमारतींच्या कागदांवर आजही अंतिम भूखंड क्रमांक आणि नगररचना योजनेचा उल्लेख असतो. म्हणजे तिथे जमिनी एकत्र करून, आधी रस्ते आखून, मग मालकांना भूखंड परत दिलेले होते. नगररचना योजनेची तीच तरतूद १९६६ च्या महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियमात आजही आहे, आणि पनवेलजवळच्या नैना, म्हणजे नवी मुंबई विमानतळाभोवतीच्या नियोजित क्षेत्रात सिडको तिच्याच आधारे काम करत आहे.

जाळे आणि फांदी

जोडणी मोजण्याची एक साधी रीत आहे आणि ती कुणालाही कागद-पेन्सिलीने करता येते. रस्ते जिथे मिळतात किंवा संपतात त्या बिंदूंना गाठी म्हणावे आणि दोन गाठींमधल्या रस्त्याला दुवा. आमच्या बाजूची आठ संकुले घेतली, तर मुख्य रस्त्यावर आठ गाठी आणि संकुलांच्या आत आठ टोके, अशा सोळा गाठी होतात. मुख्य रस्त्यावरचे सात दुवे आणि आत जाणारे आठ, असे पंधरा दुवे मिळतात. दुव्यांना गाठींनी भागले तर ०.९४ येते. झाडाच्या फांद्यांसारख्या रचनेत हे गुणोत्तर नेहमी एकाहून कमीच राहते, आणि चांगल्या जोडणीसाठी ते साधारण १.४ असावे असे नियोजनात मानले जाते. आता या आठ संकुलांना मागच्या बाजूने एकमेकांशी जोडणाऱ्या फक्त सात छोट्या वाटा कल्पनेने आखाव्यात. दुवे बावीस होतात आणि गुणोत्तर १.३८ च्या जवळ जाते. उड्डाणपूल नाही, रुंदीकरण नाही, एकही इमारत पाडलेली नाही. केवळ सात भिंतींत सात दारे.

आकड्यापेक्षा त्यामागचा अर्थ मला अधिक महत्त्वाचा वाटतो. फांदीच्या रचनेत एकही वर्तुळ पूर्ण होत नाही. कुठलीही एक जागा बंद पडली, मग ती उलटलेल्या टँकरमुळे असो की फुटलेल्या जलवाहिनीमुळे, त्यामागचे सारे लोक अडकतात, आणि त्यात रुग्णवाहिकाही अडकते. सात वाटांनी सात वर्तुळे तयार होतात. वळशाचेही तसेच आहे. काटकोनात मिळणाऱ्या गल्ल्यांच्या दाट जाळ्यात दोन ठिकाणांमधले चालण्याचे अंतर सरळ रेषेच्या अंतराच्या फार तर १.४१ पट होते, हे शाळेतल्या भूमितीने सिद्ध करता येते. आमच्या मुलांसाठी ते सातपट होते.

दाराची हकिगत

मे २०२२ मध्ये काही पालकांनी दोन्ही संकुलांच्या समित्यांना अर्ज दिला, की भिंतीच्या मागच्या टोकाला माणसांपुरते एक छोटे गेट करावे. मला वाटले होते की ही पंधरा दिवसांची गोष्ट आहे. प्रत्यक्षात पहिल्या सभेपासून दार उघडेपर्यंत सात महिने गेले, आणि त्या सात महिन्यांत मी नगररचनेविषयी जे शिकलो, ते त्याआधी कधी शिकलो नव्हतो.

पहिला आक्षेप सुरक्षिततेचा होता, आणि त्याची मला खिल्ली उडवायची नाही. संकुलात एकट्या राहणाऱ्या वृद्ध स्त्रिया आहेत, मुले संध्याकाळी खाली खेळत असतात, आणि एका गेटावर लक्ष ठेवणे दोन गेटांवर लक्ष ठेवण्यापेक्षा सोपे असते. दुसरा आक्षेप खर्चाचा होता : जादा वॉचमनचा पगार कोणी द्यायचा, आणि पलीकडची माणसे आमच्या बागेत चालायला येऊ लागली तर देखभालीचा भार कोणावर? पलीकडच्या संकुलाला आमच्याविषयी नेमकी हीच शंका होती. दोन्ही समित्यांची पत्रे शेजारी ठेवली असती, तर नाव झाकल्यावर कोणते पत्र कोणाचे, हे ओळखता आले नसते.

परंतु खरा अडसर तिसरा निघाला. सभेत मागच्या रांगेत बसलेले एक निवृत्त गृहस्थ उठले आणि त्यांनी विचारले, “आज आपण प्रेमाने वाट दिली, आणि उद्या तीच वहिवाट म्हणून कोर्टात उभी राहिली तर?” प्रश्न अगदी योग्य होता. भारतीय सुविधाधिकार अधिनियम, १८८२ नुसार एखादी वाट वीस वर्षे उघडपणे, विनाखंड आणि हक्क म्हणून वापरली गेली, तर तिच्यावर कायमचा हक्क निर्माण होऊ शकतो. सभेत एकदम शांतता पसरली. लोकांना शेजाऱ्यांच्या मुलांचा त्रास नको होता असे नाही, तर जमिनीवरचा ताबा सुटण्याची भीती वाटत होती, आणि ज्यांनी वीस वर्षांचे हप्ते भरून ती जमीन मिळवली, त्यांची ती भीती मला समजते.

उत्तरही त्याच कायद्यात होते. जी वाट मालकाच्या परवानगीने चालते, ती कितीही वर्षे चालली तरी हक्काची ठरत नाही. ती केवळ परवाना असते आणि मालक तो मागे घेऊ शकतो. हे लेखी स्वरूपात आणायला एका वकिलांची मदत घेतली. दोन पानांचा करार झाला : वाट परवानगीची आहे, दोन्हीपैकी कोणतीही सोसायटी नोटीस देऊन ती बंद करू शकते, गेटाचा आणि त्या वेळेतल्या वॉचमनचा खर्च निम्मा-निम्मा, वाहनांना मनाई, सायकल हाताने नेता येईल. डिसेंबरमध्ये वेल्डरने लोखंडी दार बसवले. सकाळी पावणेसात ते सव्वाआठ आणि दुपारी साडेबारा ते दोन, अशी त्याची वेळ ठरली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मुद्दाम तिथे जाऊन उभा राहिलो. मुले चालत आली, काही तर पळत आली. वर्षानुवर्षे दुचाकीच्या मागच्या सीटवर बसून शाळेत गेलेल्या एका चौथीतल्या मुलाने आईला दारातच सांगितले, की आता तू परत जा. माझ्या मते या साऱ्या प्रकरणातले सर्वांत महत्त्वाचे मोजमाप तेच आहे. त्यासाठी वेगळा निर्देशांक काढण्याची गरज मला वाटत नाही.

ज्यांना ते दार मिळाले नाही

या यशाची दुसरी बाजू सांगितल्याशिवाय प्रकरण पूर्ण होणार नाही. दोन्ही संकुलांमध्ये घरकाम करणाऱ्या बायका जवळच्या पाड्यातून आणि चाळींतून येतात. त्यांच्यापैकी अनेकींची कामे दोन्हीकडे असतात : आमच्याकडे साडेनऊपर्यंत भांडी-केर, पलीकडे दहापासून स्वयंपाक. दार मुलांच्या वेळेला उघडते, त्यांच्या वेळेला बंद असते. त्यांना आजही १,३०० मीटरचा तोच वळसा घालावा लागतो, पावसाळ्यात सेवा रस्त्यावर तुंबलेल्या पाण्यातून, आणि उशीर झाला तर बोलणीही त्यांनाच ऐकावी लागतात. वेळ वाढवण्याचा विषय मी दोनदा सभेपुढे मांडला आणि दोन्ही वेळा तो पुढे ढकलला गेला. शहरात सर्वांत जास्त चालणारा माणूस जो असतो, त्याचेच मत वाटेविषयी विचारले जात नाही, आणि इथे ते ज्यांनी विचारले नाही, त्यांत सुरुवातीला मीही होतो. आमचा मूळ अर्ज पालकांचा होता. त्यात या बायकांचा उल्लेखही नव्हता.

खासगी परवानगीने दिलेल्या वाटेची हीच मर्यादा आहे. ती देणाऱ्याच्या सोयीने उघडते. रस्ता सार्वजनिक असेल, तर कोण कशासाठी चालतो हे विचारण्याचा अधिकार कोणालाच राहत नाही.

मोठी कामे, छोट्या वाटा

गेल्या काही वर्षांत या पट्ट्यावर सार्वजनिक पैसा कमी खर्च झालेला नाही. कापूरबावडी, मानपाडा, पातलीपाडा आणि वाघबीळ येथे उड्डाणपूल झाले. वडाळा ते कासारवडवली ही ३२ किलोमीटरहून लांब मेट्रो-४ मार्गिका आणि तिचा गायमुखपर्यंतचा विस्तार उभारला जात आहे, आणि सप्टेंबर २०२५ मध्ये घोडबंदरच्या टप्प्यावर तिची चाचणी झाली. टिकुजीनीवाडीपासून बोरिवलीकडे ११.८ किलोमीटरच्या जुळ्या बोगदा मार्गाचे काम हाती घेतलेले आहे, आणि बाळकुम ते गायमुख असा १३ किलोमीटरहून अधिक लांबीचा खाडीकिनारी मार्ग प्रस्तावित आहे. यांतले प्रत्येक काम आवश्यक आहे असे मानले, तरी ही सारी कामे लांब रेषांची आहेत. त्या रेषांपर्यंत पोहोचण्याच्या आडव्या वाटा कोणत्याही एका यंत्रणेच्या यादीत नाहीत.

सेवा रस्त्याच्या बाबतीत तर मला स्पष्ट मत मांडावेसे वाटते. कापूरबावडी ते गायमुख दरम्यान सेवा रस्ते मुख्य रस्त्यात विलीन करून मार्गिका वाढवण्याचे काम सुरू झाले, तेव्हा रहिवाशांनी त्याला विरोध केला, आणि तो विरोध सोयीच्या हट्टापायी नव्हता. जिथे मागच्या बाजूने जोडणी नाही, तिथे सेवा रस्ता हीच आमची एकमेव स्थानिक गल्ली आहे. ती काढायची असेल, तर आधी मागचे डीपी रस्ते जोडून द्यायला हवेत. हा क्रम उलटा झाला, की शाळेची रिक्षा आणि चाळीस टनांचा कंटेनर एकाच मार्गिकेत येतात.

मेट्रोबाबतही हाच प्रश्न लवकरच उभा राहील. स्थानके मुख्य रस्त्याच्या मध्यावर आहेत. ज्यांच्या खिडकीतून स्थानकाचे छप्पर दिसते, त्यांतल्या कित्येकांना एकमेव गेटाने फिरून तिथे जावे लागेल, आणि पंधरा मिनिटे चालण्यापेक्षा माणूस पुन्हा दुचाकी काढेल.

तिसरा भूखंड

आमच्या संकुलाच्या उत्तरेला आता तिसऱ्या भूखंडावर काम सुरू झाले आहे. पत्र्याचे कुंपण लागले आहे आणि खोदकाम चालू आहे. मागचा अपूर्ण डीपी रस्ता ज्या कुंपणाला थांबतो, ते हेच. राज्याच्या एकत्रिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावलीत, जी ठाण्यालाही लागू आहे, अभिन्यासाला किंवा समूह गृहबांधणीला परवानगी देताना लगतच्या जमिनींमधील रस्त्यांशी समन्वय साधणे आवश्यक असल्याचे म्हटले आहे. ही ओळ नियमावलीत आहे, आणि तिचा अर्थ केवळ वाहनांच्या रस्त्यांपुरता घ्यावा असे तिथे कुठेही लिहिलेले नाही. मंजूर नकाशावर सीमेलगत तीन मीटर रुंदीची पट्टी ‘सार्वजनिक पायवाट’ म्हणून आजच दाखवली आणि ती रस्त्याप्रमाणेच पालिकेच्या ताब्यात घेतली, तर पुढे कोणत्याही सर्वसाधारण सभेत कोणाला कोणाची मनधरणी करावी लागणार नाही.

या मागणीचा अर्ज आम्ही शहर विकास विभागाकडे दिला आहे. या वेळी त्यावर दोन्ही संकुलांतल्या रहिवाशांच्या सह्या आहेत, आणि पाड्यातल्या एकोणीस बायकांच्याही आहेत, काहींच्या अंगठ्यांसह. सोबत गाव नकाशाची प्रत, आमच्या भिंतीच्या दाराचा फोटो आणि १८० विरुद्ध १,३०० मीटरची हाताने काढलेली आकृती जोडली आहे. जोत्याच्या, म्हणजे पायाच्या वर आलेल्या बांधकामाच्या, तपासणीपूर्वी सुधारित नकाशा सादर झाला तर ही पट्टी त्यात बसू शकते. जोते एकदा सीमेपर्यंत आले, की त्या जागी पुन्हा भिंतच उभी राहील.